दोन्ही त्यानंच केलं

छबुबाई जन्मात कधी खोटं बोलली नाही असं मी सांगणार नाही. मांजरसुंब्याच्या चौकातल्या धाब्यावर तिनं मला कालचं पिठलं आजचं म्हणून वाढलेलं आहे, आणि वर ‘गरम हाय, फुकून खा’ असंही म्हटलेलं आहे. पण झालेली गोष्ट सांगायला बसली की ती अर्ध्यावर सोडत नसे. समोरच्यानं मध्येच ‘बरं बरं, कळलं’ म्हटलं की हातातली भाकरी तव्यावर जरा जोरात पडायची. ‘कळलं न्हाई अजून. सगळं ऐक, मंग कळंल.’

तिच्या या खोडीचा चौकात सगळ्यांना कंटाळा होता. मलाही होता. ती एका फिल्ममध्ये दिसणार आहे असं कळलं तेव्हा मला पहिली कीव आली ती फिल्मवाल्यांची. तिथंच मी चुकलो.

छबुबाईचं गाव, म्हणजे माझंही, चौसाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर, आश्रुबाबरोबर, दरसाल ऊस तोडायला जायची. आश्रुबा अंगानं काटक आणि डोक्यानं गरम. एका हंगामात तोडणीच्या भावावरून मजुरांनी कोयता खाली ठेवला, तेव्हा कारखान्याच्या गेटसमोर गाड्या अडवायला जी माणसं आडवी झाली, त्यात तो पुढं होता. कारखाना भगवानरावांचा. भगवानराव म्हणजे आबा. चेअरमनही तेच, आमदारही तेच. आबांची माणसं काठ्या घेऊन आली आणि त्यांनी आश्रुबाचा डावा पाय गुडघ्याखाली असा मोडला की तो पुन्हा सरळ बसला नाही. आबा थोड्या अंतरावर गाडीत बसून होते. काच वर होती, पण छबुबाईनं त्यांना पाहिलं आणि त्यांनीही तिला पाहिलं. पोलिसांच्या कागदावर मात्र आश्रुबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला.

ऊसतोड तिथंच संपली. छबुबाई मांजरसुंब्याच्या चौकात हनुमानच्या धाब्यावर भाकरी थापायला लागली.

पुढं काही वर्षांनी लेक, दिपाली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं, म्हणून छबुबाई तिला काळी-पिवळी जीपमधून बीडला घेऊन निघाली. घाटात ट्रक उलटलेला. पुढं-मागं गाड्यांची रांग लागलेली, जीप जागची हलेना, आणि मागच्या बाकावर पोरगी गुरासारखी ओरडत होती. तेवढ्यात समोरून, बीडकडून, ट्रकच्या कडेनं वाट काढत, सायरन वाजवत आबांचा ताफा आला. ओरडणं ऐकून आबा स्वतः खाली उतरले. जीपमध्ये डोकावून म्हणाले, ‘कोणाची लेक?’

छबुबाई म्हणाली, ‘आश्रुबाची. ज्याचा पाय तुमी मोडला त्याची.’

ती सांगते की आबा एवढंसं थांबले. मग आपल्या गाडीचं दार त्यांनीच उघडून धरलं. ‘बसा लवकर.’ गाडी वळवून बीडकडं गेली आणि आबा घाटातल्या एका दगडावर, ट्रकवाल्यांच्या गराड्यात, गाडी परत येईपर्यंत बसून राहिले. मोठ्या डॉक्टरला फोनही त्यांनीच केला. दिपाली वाचली, नात झाली.

तर छबुबाईची गोष्ट ही अशी. ती सांगताना शेवटी म्हणायची, ‘माझ्या नवऱ्याचा पाय मोडला, आन माझी लेक वाचवली. दोन्ही त्यानंच केलं.’ आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची. तिनं आबांना माफ केलं होतं का, असं कुणी विचारलं तर भाकरी पुन्हा तव्यावर आपटायची.

पुण्याची राजनंदिनी गेल्या उन्हाळ्यात आली. आबांवर फिल्म करत होती. वीस वर्षांत त्यांनी कुणाकुणाला कसं दाबलं, त्याचा तिनं खरोखर अभ्यास केला होता. गेटवर मार खाल्लेल्या इतर माणसांनाही ती भेटून आली होती. मुलगी वाईट नव्हती. जमिनीवर बसून जेवली, आपलं ताट आपण धुतलं. छबुबाईला आवडली.

‘मावशी, घाबरणार नाही ना बोलायला?’ तिनं विचारलं.

‘पाय मोडून झालाय. आता काय मोडणार हाय?’

‘आम्ही दोन्ही बाजू दाखवणार आहोत. फिल्म संतुलित पाहिजे.’

‘मंग सगळं घे,’ छबुबाई म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी छबुबाईनं तोंडाला पावडर लावली होती आणि लेकीनं दिलेली गुलाबी साडी नेसली होती. राजनंदिनीनं पावडर पुसायला लावली. गुलाबी रंग कॅमेऱ्यात नीट येत नाही म्हणून रोजची विटकी साडी नेसवली. आश्रुबा खाटेवर बसला होता, त्याला म्हणाली, ‘काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का? काठीचा आवाज येतोय.’ आश्रुबा काठी तिथंच भिंतीला टेकवून, दाराला धरत बाहेर गेला आणि पायरीवर तंबाखू मळत बसला. आत छबुबाईनं गेटपासून घाटापर्यंत सगळं सांगितलं. राजनंदिनीचे डोळे भरून आले. ते मी खोटं मानत नाही.

निवडणुकीच्या तोंडावर फिल्म आली. हनुमाननं धाब्यावर मोबाईल डब्याला टेकवून लावली आणि आम्ही आठदहा जण भोवती उभे राहिलो. छबुबाई पिठाच्या हातानं पुढं बसली.

गेटची हकीकत आली. मारामारी आली, मोडलेला पाय आला. मग तिचा चेहरा मोठा झाला आणि ती म्हणाली, ‘माझ्या नवऱ्याचा पाय मोडला... त्यानंच केलं.’ मधे काहीतरी तुटल्यासारखं झालं, पण ते तिच्याशिवाय कुणाला कळलं नसेल. घाट नव्हता. गाडी नव्हती. दिपाली तर जन्मालाच आलेली नव्हती. त्यानंतर सारंगीसारखं काहीतरी रडायला लागलं, आणि पडद्यावर मोकळी खाट दिसली. भिंतीला टेकलेली काठी दिसली. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ उडत होती. एक गंभीर आवाज म्हणाला, ‘छबुबाई आता या घरात आठवणींसोबत राहतात.’

हनुमाननं मोबाईल बंद केला.

‘आगं माय,’ छबुबाई म्हणाली. ‘ह्यांनी माझा नवराच मारला.’

दुसऱ्या दिवशी आश्रुबाची बहीण चंद्रभागाबाई केजकडून पहिल्या एसटीनं आली. तिच्या सुनेनं फिल्म बघितली होती. चंद्रभागाबाईनं वेशीपासूनच गळा काढला. ‘माझा भाऊ गेला आन मला सांगावासुदिक धाडला न्हाई गं!’ गल्लीतल्या बाया तिच्यामागं गोळा झाल्या. ती रडत रडत दारात आली, तर भाऊ पायरीवर बसून दाढी करत होता.

लोक पोट धरून हसले. आश्रुबा हसला नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून तो घरात गेला. आपण खाट रिकामी करून दिली, काठीसुद्धा त्यांच्यासाठी ठेवली, आणि त्याचं त्यांनी हे केलं, याची त्याला एवढी शिसारी बसली की त्या खाटेवर तो पुढं किती दिवस निजला नाही. भुईवरच अंथरूण टाकायचा.

छबुबाईनं राजनंदिनीला फोन लावला. तिनं उचलला नाही.

उचलला तो आबांच्या माणसांनी. म्हणजे फोन नाही, विषय. रामप्रसाद नावाचा आबांचा कार्यकर्ता पांढऱ्या गाडीतून घरी आला. आम्हाला वाटलं दम द्यायला आलाय. पण तो चपला बाहेर काढून आत आला, आश्रुबाच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘ताई, त्या पुण्याच्या बाईनं तुमाला वापरलं बगा. जित्या माणसाला मारलं. ही काय रीत झाली?’

‘न्हाईच हाय रीत,’ छबुबाई म्हणाली.

‘आबांच्या वाढदिवसाला आमी एक फिल्म काढतोय. तुमी बोला. जे झालं ते बोला.’

‘पायाचंबी बोलणार हाय म्या.’

‘बोला की. आबांनीच सांगितलंय, बाईला सगळं बोलू द्या.’

आश्रुबा कोपऱ्यातून म्हणाला, ‘त्याच्या मिशनीपुढं बसलीस तर माझ्याशी बोलू नगंस.’

छबुबाई बसली. आश्रुबाला वाटलं ती फितली. तिचा हिशेब साधा होता: त्या फिल्ममध्ये घाट राहून गेला, तो या फिल्ममध्ये येईल, आणि पाय तर ती पुन्हा सांगणारच होती. सांगितलाही. कॅमेरावाला मान हलवत होता, रामप्रसाद ‘वा, वा’ म्हणत होता.

वाढदिवस केजच्या मैदानावर झाला. स्टेजच्या दोन्ही अंगांना भिंतीएवढे पडदे, फटाके, डीजे, आणि वरून माशीसारखा घोंगावणारा ड्रोन. छबुबाईला गाडी पाठवून आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. मीही गावच्या लोकांबरोबर टेम्पोतून गेलो होतो.

पडद्यावर घाट आला. खरा घाट, पण माणसं भाड्याची. एक गोरीगोमटी नटी पोट धरून रस्त्यात पडलेली. पांढऱ्या कपड्यातले आबा, म्हणजे आबांसारखा दिसणारा कुणीतरी, धावत येतो, तिला दोन्ही हातांवर उचलतो आणि केस उडवत गाडीकडं चालायला लागतो. मागं तुताऱ्या. मग छबुबाईचा चेहरा आणि तिचा आवाज: ‘माझी लेक वाचवली... त्यानंच केलं.’

पाय गेला होता. गेट गेलं होतं. आणि खरं सांगतो, मला सर्वात घाण वाटली ती ही, की तो दगडसुद्धा गेला होता. आपली गाडी दुसऱ्याच्या लेकीला देऊन आमदार माणूस रस्त्याकडेच्या दगडावर धूळ खात बसला, ही त्या माणसाच्या आयुष्यातली कदाचित एकमेव मोठी गोष्ट. पण दगडावर बसलेले आबा त्यांना लहान दिसले असणार. म्हणून त्यांनी ते खरं चांगलंही कापलं आणि त्या जागी खोटं चांगलं चिकटवलं. स्वतःच्या देवाचीही यांना किंमत नाही.

छबुबाईचं नाव पुकारलं. साडीचोळीचं ताट घेऊन आबा स्वतः पुढं आले. निवेदकानं माईक तिच्या तोंडाशी धरला, ‘मावशी, दोन शब्द.’

तिनं माईक त्याच्या हातातून काढूनच घेतला.

‘आबांनी माझ्या लेकीला उचललं न्हाई,’ ती म्हणाली. ‘उचलली म्या आन जीपच्या डायवरनं. आबांनी गाडी दिली आन दगडावर बसले. ते लई मोटं काम केलं त्यांनी, म्या जलमभर इसरणार न्हाई.’ टाळ्या पडायला लागल्या. ‘थांबा, टाळ्या कावून वाजविता? अजून हाय. कारखान्याच्या गेटवर माझ्या नवऱ्याचा पाय ह्यांच्याच माणसांनी मोडला, आन हे गाडीत बसून बगत—’

माईक मेला. लगेच डीजे सुरू झाला, इतका मोठा की खुर्च्या थरथरल्या. छबुबाई बोलतच राहिली. आवाज येत नव्हता, पण पहिल्या रांगेतल्यांना तिचे ओठ दिसत होते, आणि आबांना तर दोन हातांवर सगळं ऐकू येत होतं. त्यांचं हसू जागचं हललं नाही. मान खाली घालायचीही त्यांना गरज वाटली नाही. तिचं बोलून होईपर्यंत ते ताट धरून उभे राहिले, आणि तिचं झाल्यावर जणू ती आभारच मानत होती अशा थाटात ताट त्यांनी पुढं केलं. तिनं घेतलं नाही. ते ताट शेजारच्या बाईच्या हातात देऊन त्यांनी फोटोग्राफरकडं बघितलं.

परत येताना छबुबाई आमच्याच टेम्पोत बसली. वाटेत दोनदा ती बाहेर थुंकली.

त्या मैदानावर हजार मोबाईल होते. सकाळपर्यंत तिचं बोलणं गावोगाव फिरलं, आणि कसं फिरलं? विरोधकांनी ‘पाय मोडला’ तेवढंच उचललं. आबांच्या कार्यकर्त्या पोरांनी ‘लई मोटं काम केलं, जलमभर इसरणार न्हाई’ तेवढंच उचललं, मागं तुतारी लावून. एकाच बाईचे दोन व्हिडिओ एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाखाली एक, आणि खाली लोकांच्या शिव्या. ती एकीकडं विकली गेलेली होती आणि दुसरीकडंही विकली गेलेली होती. पूर्ण बोलणं कुणीच टाकलं नाही. मी शोधलं. पूर्ण बोलण्यानं कुणाचंच काम भागत नव्हतं.

आता राजनंदिनीचा फोन आला. छबुबाईनं स्पीकरवर ठेवला, म्हणून मीही ऐकला.

‘मावशी, कमाल केलीत! त्याच्याच स्टेजवर!’

‘माझा मालक कावून मारलास तू?’

‘आम्ही कुठं म्हटलं ते वारले म्हणून?’

‘म्हणली न्हाईस. दाखविलंस.’

‘ते... खाटेचं दृश्य चांगलं आलं होतं, मावशी. चुकलंच ते.’

‘आन घाट कुटं गेला?’

राजनंदिनी आता सावरून बोलायला लागली. ‘मावशी, एका बाळंतपणानं वीस वर्षांची गुंडगिरी फिटते का? ते दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, माणूस तसा बरा आहे. दोन्ही सारखंच मोजणं म्हणजे न्याय नाही.’

‘फिटत न्हाईच. फिटती असं म्या कदी म्हणले?’ छबुबाईचा आवाज चढला. ‘मलाच इचारायचं होतंस की, फिटती का म्हणून. म्या सांगितलं असतं, न्हाई फिटत. तेबी तुज्या मिशनीत आलं असतं. पर तुला वाटलं ही येडी बाई, हिला एवढं कुटं कळतंय.’

‘तसं नाही मावशी—’

‘ठीव,’ छबुबाई म्हणाली.

राजनंदिनीला पटलं असेल असं मला वाटत नाही. फिल्म तशीच आहे. तिला दिल्लीत बक्षीस मिळाल्याचं वाचलं. आबा निवडून आले, नेहमीएवढ्याच मतांनी.

छबुबाईचं मात्र धाब्यावरचं काम सुटलं. दोन्ही बाजूंची पोरं जेवायला येऊन तिच्या तव्याभोवती मोबाईल धरायला लागली, तिला डिवचायला लागली. हनुमान म्हणाला, ‘वैनी, थोडे दिवस घरी राहा. माझा धंदा हाय.’ आता ती चौसाळ्यात एका मेसला घरून भाकरी करून देते. एकदा कुठल्या तरी चॅनेलचा माणूस माईक घेऊन दारात आला. ती म्हणाली, ‘आधी ती मिशन गाडीत ठीव. आत बस. सगळं ऐक, जेव, मंग काय लिहायचं ते लिही.’ तो म्हणाला, मला एकच मिनिट पाहिजे. तिनं दार लावून घेतलं.

पण बाहेरच्यांचं काय घेऊन बसायचं? घरातच तेच चाललं होतं. दिपालीची सासरची माणसं आबांच्या गटातली. तिनं फोनवर आईला फैलावर घेतलं, ‘ज्यानं मला वाचविलं त्याचं भरसभेत वाईट कावून बोललीस?’ आणि आश्रुबा म्हणायचा, ‘ज्यानं मला लंगडं केलं त्याचं भरसभेत चांगलं कावून बोललीस?’ लेकीला अर्धं पाहिजे होतं, नवऱ्याला अर्धं पाहिजे होतं. छबुबाई मला म्हणाली, ‘त्या पुण्याच्या बाईला कशाला नावं ठिवू? माझ्या चुलीपशीबी तीच कात्री हाय.’

नागपंचमीला दिपाली आली. सासू नको म्हणत होती तरी आली. मी त्यांच्याकडं भाकरीचा डबा घ्यायला गेलो होतो. आश्रुबा खाटेवर बसला होता. छबुबाई चुलीपुढं होती. मग आश्रुबानं एकदम लेकीला विचारलं, ‘त्या दिशी घाटात काय झालतं गं?’

इतक्या वर्षांत ती हकीकत त्यानं कधी ऐकून घेतली नव्हती. सुरू झाली की तो उठून जायचा. दिपालीनं आईकडं बघितलं आणि सांगायला लागली. कळा कशा येत होत्या, ट्रक कसा आडवा होता, दार कसं उघडलं. ‘आन बापू, गाडी बीडात शिरंस्तोवर ही आबाला शिव्या देत व्हती. त्याच्याच गाडीत बसून. मुडदा बशिवला तुझा, म्हणं, हात झडले तुझे. डायवर आरशातून बगायचा आन गप गाडी हाणायचा.’

आश्रुबाच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. तो पूर्ण ऐकेपर्यंत हलला नाही. झाल्यावर मोडका पाय दोन्ही हातांनी उचलून त्यानं खाटेवर घेतला.

‘लई वंगाळ वाटतंय,’ तो म्हणाला. ‘त्याचं चांगलं ऐकायला.’

‘मलाबी सांगताना वाटतंय,’ छबुबाई म्हणाली. ‘दर बारीला वाटतंय. म्हणून काय गाळून सांगू?’

तिनं माझा डबा भरून दिला आणि दिपालीला म्हणाली, ‘ऊठ, बापाला वाढ.’